बाबांनी केलेलं भूत

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच भुताचं काम केलं, तेही कतारला, दोह्यातल्या अबू हमूरच्या आमच्या घरात, भर दुपारी तीन वाजता, पडदे ओढून.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. डिसेंबरच्या सुट्टीआधी शाळेने इंग्रजीचा प्रकल्प दिला होता. नाताळची ती जुनी इंग्रजी भुताची गोष्ट पडद्यासाठी लिहायची आणि मोबाइलवर दहा मिनिटांची फिल्म करून द्यायची. गोष्ट जगाला पाठ असलेली. एक खडूस म्हातारा असतो. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे आधी त्याचा मेलेला भागीदार येतो, मग आणखी तीन भुतं येतात, आणि सकाळी म्हातारा सुधारून उठतो. मुलीने खडूस म्हातारा स्वतःकडे घेतला, मला कॅमेरा दिला आणि मेलेला भागीदार आजोबांच्या गळ्यात टाकला.

बाबा ऑक्टोबरपासून आमच्याकडे होते, व्हिजिट व्हिसावर. त्याआधी ऑगस्टमध्ये ते नाशिकच्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये पडले होते आणि शेजाऱ्यांना आवाज जाईपर्यंत तीन-चार तास तिथेच पडून होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी एकुलती एक. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. म्हणून मी त्यांना घेऊन आले. व्हिसाची मुदत डिसेंबरअखेर संपत होती, पण ती वाढवता येत होती. मुशैरिबमधल्या ज्या ऑफिसात मी नोकरी करते, तिथे लोकांच्या व्हिसाचे कागद करणं हेच माझं काम. काय लागतं, काय नाही, सगळं मला तोंडपाठ होतं. फक्त अर्ज नवऱ्याच्या नावाने करावा लागणार होता, कारण मूळ व्हिसा त्याच्या नावावर काढलेला. म्हणजे मला नवऱ्याशी एक वाक्य बोलायचं होतं.

ते वाक्य मी बोलले नाही. बाबा आले त्या दिवशी नवरा सामान गाडीत ठेवत होता तेवढ्या वेळात बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "एक सांगतो, ऐक. माझ्यासाठी जावयाकडे शब्द टाकायचा नाही. त्यांनी आपणहून ठेवून घेतलं तर राहीन." मी हो म्हटलं. दिवसभराचा प्रवास करून आलेल्या माणसाला गाडीत बसायच्या आधी कोण नाही म्हणतं?

आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात. माझे आजोबा आत्याकडे जाताना पाण्याचा तांब्या बरोबर न्यायचे. बाबा इतके जुने नव्हते. पाणी प्यायचे, जेवायचे, भाजी आवडली तर दुसऱ्यांदा मागूनही घ्यायचे. पण आपलं ताट आपणच विसळायचे. त्यांच्यासाठी मी कपाटातले दोन कप्पे रिकामे केले होते, ते तसेच राहिले. कपडे बॅगेतूनच काढायचे, धुऊन आले की घडी घालून बॅगेतच ठेवायचे. अल रय्यानला ओळखीच्यांकडे दिवाळीच्या फराळाला गेलो, तिथे कोणी विचारलं, "काका, किती दिवस मुक्काम?" तर म्हणाले, "आम्ही पाहुणे. इन्शाल्ला, लवकरच खलास." चार अरबी शब्द शिकले होते आणि ते कुठेही लावायचे. सगळे हसले, नवराही हसला. मी बशीतले दाणे निवडत बसले.

नवरा वाईट नाही. खरं तर मला राग त्याचाच येतो, की तो वाईट नाही. बाबांच्या गोळ्या तोच आणायचा, सुट्टीच्या दिवशी त्यांना समुद्राकाठी फिरायला न्यायचा. पण न सांगता समजणं ही कला त्याला कोणी शिकवलेली नाही. त्याच्या घरी सगळे मोठ्याने बोलतात, हवं ते मागतात, नको ते नाकारतात. आणि आम्ही बापलेक म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हे बाबाच मला लहानपणी सांगायचे.

फिल्मच्या तालमी सुरू झाल्या तसे बाबा दहा वर्षांनी तरुण झाले. छापखान्यात नोकरीला असताना ते कामगार नाट्यस्पर्धांमधून कामं करायचे. बहुतेक हवालदाराची, नाहीतर पोस्टमनची. तीन वाक्यं दिली की हा माणूस त्यांची तेरा करायचा, असं आई म्हणायची. भुताबद्दल मात्र त्यांना गोष्टच पटली नव्हती.

"हे साहेबलोकांचं भूत काही खरं नाही," ते नातीला म्हणाले. "आपली भुतं कोणाला सुधारायला येत नाहीत. त्यांना काहीतरी हवं असतं. एखादीला जेवायचं असतं, एखाद्याला मुलाचं तोंड बघायचं असतं. ती मागायला येतात."

"बट आजोबा, मग पुढे काय होतं?"

"द्यायचं. दिलं की जातात."

"दॅट्स नॉट द स्टोरी," ती म्हणाली. "तुम्ही फक्त वॉर्न करा. सुधर, नाहीतर माझ्यासारखं होईल. बस. यल्ला, चला आजोबा."

शूटिंगच्या दिवशी तिने त्यांच्या केसांना पावडर फासली, अंगावर जुनी चादर दिली आणि खांद्यावर तिच्या सायकलची साखळी टाकली. स्वतः बापाचा कोट घालून, मिशा रंगवून पलंगावर बसली. दोन वेळा बाबांनी वाक्य बरोबर म्हटलं, पण मागून गाडीचा हॉर्न आला. तिसऱ्या वेळी ते आत आले, खुर्चीपाशी थांबले आणि बसले. बसायचं ठरलेलं नव्हतं. खडूस म्हाताऱ्याकडे न बघता ते थेट मोबाइलकडे बघायला लागले, म्हणजे माझ्याकडे. आणि म्हणाले, "बसू दे रे थोडा वेळ. तिकडे कोणी नाहीये."

नाटकातला आवाज मला ओळखू येतो. हवालदाराचा आवाज, पोस्टमनचा आवाज, सगळे मी विंगेत बसून ऐकलेत. हा त्यातला नव्हता. मी रेकॉर्डिंग थांबवायचं विसरले.

मुलगी टाळ्या पिटत उठली. "आजोबा, धिस इज सो गुड! मी हेच ठेवणार." तिने खाली इंग्रजी सबटायटल घातली आणि वाक्य ठेवलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. मला बरं वाटलं. वाटलं, चला, सुटलो. बाबांनी जावयाकडे शब्द टाकला नाही, मी टाकला नाही, आणि तरी शब्द गेला. आता नवरा फिल्म बघेल आणि त्याला कळेल. गोष्टीतल्या म्हाताऱ्याला चार भुतं लागली, माझ्या नवऱ्याला एक पुरेल. मी वचनही पाळलं आणि काम दुसऱ्यावर ढकललं, आणि याला मी हुशारी समजत होते.

शुक्रवारी फिल्म तयार झाली. नवऱ्याला घरी यायला उशीर झाला, कारण नाताळ जवळ आल्यामुळे चर्चकडच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. तो आल्याआल्या मुलीने टीव्हीला मोबाइल जोडला. आम्ही चौघं एका सोफ्यावर बसलो. बाबा कडेला, पाहुणे बसतात तसे पुढे सरकून.

भूत आलं, बसलं, बोललं. मी टीव्हीकडे बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघत होते. त्याचे डोळे भरले. खरंच भरले. चष्मा काढून त्याने पुसले. मी मनात म्हटलं, झालं. मग तो बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाबा, काय काम केलंय हो! अहो, रडवलंत तुम्ही!" बाबा उभे राहिले आणि स्पर्धेत बक्षीस घेताना वाकायचे तसे वाकले. नवऱ्याने तेवढाच तुकडा त्याच्या आईवडिलांना पुण्याला पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, व्याह्यांचं खूप कौतुक झालं.

शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी संध्याकाळी चहा घेताना नवरा म्हणाला, "अगं, बाबांची मुदत गुरुवारी संपते ना? मी बुधवारचं सकाळचं तिकीट काढलंय. खिडकीची जागा मिळाली."

बाबा समोरच बसले होते. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं.

"त्यांना जायचंय असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"ते स्वतःच सांगतात की सगळ्यांना. बॅगसुद्धा भरलेलीच असते. आणि तू काही बोलली नाहीस, मला वाटलं तुमचं ठरलंय." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे. "थांबायचंय का, बाबा? तसं असेल तर सांगा. अर्ज करू, त्यात काय?"

इतकं सरळ. दार सताड उघडं होतं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. चमच्याने बिस्किट शोधत होते. मी हो म्हणायला हवं होतं. पण बाबांच्या तोंडावर बोलायचं म्हणजे त्यांना दिलेला शब्द त्यांच्यासमोर मोडायचा, त्यांना नवऱ्यापुढे मागणारा करायचा, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. त्यांनी एकदा मान हलवली असती तर मी बोलले असते. आणि त्यांना वाटत असणार, लेक बोलली तर आपण नाही म्हणणार नाही.

"छे छे, जावईबापू," बाबा म्हणाले. "तिकीट झालंय ना? मग खलास."

मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

बुधवारी सकाळी आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. बॅग भरायला वेळ लागला नाही.

मार्चमध्ये नाशिकहून शेजारच्या काकूंचा फोन आला. दोन दिवस दूध दारातच होतं म्हणून त्यांनी कुलूपवाल्याला बोलावून दार उघडलं. बाबा त्याच बाथरूममध्ये होते. किती वेळ होते हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आता कोणी म्हणतं, वय झालं होतं. कोणी म्हणतं, तुझ्याकडे असते तरी झालंच असतं. झालं असतं. पण माझ्याकडे झालं असतं. दारापाशी मी असते. हाक ऐकली असती.

ती गोष्ट मला आता सहन होत नाही. टीव्हीवर डिसेंबरमध्ये कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर तिच्यावरचा सिनेमा असतोच. म्हातारा उठतो, खिडकी उघडतो, खाली रस्त्यावर कोणालातरी विचारतो, आज कुठला दिवस? आणि दिवस नाताळचाच असतो. मी चॅनेल बदलते. बाबांनी सांगितलेली भुतं खरी. मागतात, दिलं की जातात. पण माझ्याकडे तीही येत नाहीत. वाट बघून बघून मला कळलंय की बाबा येणार नाहीत. मेल्यावरही ते माझ्याकडे काही मागणार नाहीत.

गेल्या वर्षी सासूसासरे आले. सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी दोन्ही कप्पे साड्यांनी भरले आणि म्हणाल्या, "अगं, इथली थंडी मला मानवली. मुदत वाढवून घे बाई आमची." नवऱ्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "तूच भर, तुला पाठ आहे." मी भरला. नावं, पासपोर्टचे नंबर, नातं. त्याच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो त्याने सोफ्यावरून वाचून दाखवला. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा बाजूचा चहा अजून गरम होता. सासूबाई म्हणाल्या, "झालंसुद्धा? एवढंच असतं होय?"

मी म्हटलं, हो, एवढंच असतं.