कॉकला चार बोटं कमी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. लपवून काय उपयोग? राहुरीत आमचं शिवणाचं दुकान होतं त्या दिवसांत अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं. आई लवकर गेली. वडील शाळामास्तर, रिटायर झालेले. दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. मी सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची. दोन स्थळं माझ्या तोंडापायी मोडली, तिसरं मी आपणहून मोडलं.

शिवण बायकांचं. झंपर, परकर, पोरींचे फ्रॉक. पुरुषाचं काही आलंच, तर तो मापाला जुना कपडा ठेवून जायचा आणि मी बरहुकूम तसाच शिवायची. परक्या पुरुषाच्या अंगाला टेप लावायची रीत नव्हती, आणि मला तरी कुठे हौस होती!

दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात धरणावर पाणबुडे आले. पाण्याखालचे दरवाजे तपासायचं काम होतं. एक दिवस तिथला शिपाई पोत्यात गुंडाळून पट्टे घेऊन आला. पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी बांधतात, तिचे खांद्याचे पट्टे, पार कुजलेले. नवे करा, हुबेहूब असेच, म्हणाला. मी बाजारातून पलंगाची जाड निवार आणली, जुन्या पट्ट्यांवर ठेवून मापली, मशीनला जाड सुई लावून तिहेरी टीप मारली, बकलं काढून पुन्हा बसवली. दोऱ्याचाही फरक नव्हता. माझं मलाच कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी पट्टे परत आले, माणसासकट. तिशीचा असेल. बुटका, छाती रुंद, अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. नऊ वर्षं नेव्हीत काढून आलेला. ओट्याखाली उभं राहून त्याने वडिलांना नमस्कार केला आणि मग काय झालंय ते सांगितलं. टाकीतली हवा सुरू-बंद करायचा कॉक मानेमागे असतो. आदल्या आठवड्यात दरवाजाच्या अरुंद खाचेत काम करताना तो कॉक भिंतीला घासून फिरला आणि बंद झाला. श्वास तुटला. त्याने हात मागे नेला, पण पोचेना. कमरेच्या दोरीने जोडीदाराने वर ओढला म्हणून वाचला. तेव्हापासून इंजिनियर साहेबांनी त्याला पाण्यात उतरू दिलं नव्हतं. बंद झालेला कॉक पाण्याखाली स्वतःच्या हाताने उघडून दाखव, आठ दिवस देतो, नाहीतर घरी जा, असं त्यांनी बजावलं होतं. मूळ पट्टे कुणा उंच माणसाच्या मापाचे. याच्या पाठीवर टाकी खाली लोंबायची. आणि मी नवे पट्टे हुबेहूब तसेच शिवून दिले होते.

मी भडकलेच. हुबेहूब करा म्हणून निरोप धाडायचा आणि वर मलाच बोल लावायला यायचं? मापाला दिलंत ते शिवलं, मी काय देवऋषी आहे? गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. त्याने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "बरुबर हाय तुमचं. मंग आता माजं माप घ्या."

वडिलांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

धरणावरची जीप घेऊन तो आला होता, तिच्यातली टाकी त्याने आणून पाठीवर चढवली. मी मागे उभी राहिले. डाव्या हाताने तो टाकीचं बूड वर ढकलायचा आणि उजवा हात खांद्यावरून मागे न्यायचा. त्याच्या बोटाच्या टोकात आणि कॉकमध्ये मी माझी बोटं धरून पाहिली. बरोबर चार. टाकी चार बोटं वर घेतली, तर मान वर करताच डोकं कॉकवर आपटे. मग तीन बोटं वर घेतली आणि खांद्यावरचे पट्टे मानेकडे सरकवले, म्हणजे दंड मोकळा झाला. खडूने खुणा केल्या, सेफ्टी पिना लावल्या. काम अर्ध्या तासाचं होतं. मी तासभर लावला. आता कबूल करायला कसली लाज? त्याच्या मानेला ऊन आणि साबणाचा वास होता, आणि मला तो सोडून दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या खुणांवरून नव्या निवारीचे पट्टे शिवले, ते दुकानात चोख बसले. हात मागे गेला की थेट कॉकवर. पण खरी परीक्षा पाण्यात, म्हणून वडिलांच्या ओळखीच्या एका मळ्यातल्या विहिरीवर गेलो. तो बुडी मारून थोड्याच वेळात पायऱ्यांवर आला. दंड आखडलेला, आणि मान वर केली की कॉक टाळूला लागतोय. पट्टे भिजून आटले होते.

मी कपाळावर हात मारून घेतला. मांजरपाट असो की खादी, रात्रभर बादलीत भिजवल्याशिवाय मी कात्री लावत नाही. बाराव्या वर्षापासूनची सवय. ही तर कोरी सुती निवार, आणि मी तशीच कापली! का विसरले ते मला माहीत होतं. परत येताना वडील एवढंच म्हणाले की असं तुझं कधी झालं नव्हतं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

तीन दिवस उरले होते. नवी निवार भिजवली, वाळवली, पुन्हा भिजवली, मग कापली. मशीनवर बसले की प्रत्येक टीप दोनदा ओढून बघायची. हे चुकलं तर तो डोंगरात परत जाणार, आणि माझ्या हाताने जाणार.

परीक्षेच्या दिवशी मी आणि वडील धरणाच्या काठावर दगडावर जाऊन बसलो. इंजिनियर साहेब घड्याळ धरून उभे होते. छातीभर पाण्याच्या पुढे जाऊन त्याने बुडी मारली, शेजारी जोडीदार. पाण्यावर बुडबुडे येत होते. जोडीदाराने खाली त्याचा कॉक फिरवला आणि बुडबुडे थांबले. मी मोजायला लागले आणि चारलाच विसरले. वडिलांचा सदरा माझ्या मुठीत होता. मग बुडबुडे आले, भसाभस आले. साहेबांनी मान हलवली आणि घड्याळ खिशात टाकलं. मी तिथेच सगळ्यांदेखत रडले.

पुढे दोन महिने त्याने काम केलं. बाजाराच्या दिवशी दुकानावर यायचा. टाके तपासा म्हणायचा. टाक्यांना काय धाड भरली होती? तरी मी एखादा उसवायची आणि पुन्हा घालायची, म्हणजे तो बसायचा. वडिलांशी चहा पीत पाण्याखाली काय दिसतं ते सांगायचा: काही दिसत नाही, हातानेच बघावं लागतं. एका संध्याकाळी तो गेल्यावर वडिलांनी मला सरळ विचारलं, तो तुझ्या मनात आहे ना? आम्ही ख्रिस्ती, तो हिंदू. मी सुईत दोरा ओवत राहिले. तुझ्या मनात असेल तर मी आडवा येणार नाही, असं ते म्हणाले. लोकांना वाटतं की धर्म आडवा आला असेल. कुणीसुद्धा आडवं आलं नाही.

काम संपलं. त्याला मुंबईच्या बंदरात नोकरी लागली. जायच्या दिवशी तो पट्टे हातात घेऊन आला. वडील नेमके पोस्टात गेले होते. तो ओटा चढून पहिल्यांदाच आत आला, मशीनपाशी. तो असा आत येईल याची मी किती दिवस वाट बघत होते, आणि तो आला तो जायचं सांगायला, याचाच मला संताप आला होता. पट्ट्यांवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "हे दोन वर्सं टिकतील. मंग म्या कुणाकडं यायचं?"

काय विचारतोय ते मला कळलं. न कळण्याएवढी मी खुळी नव्हते. माझ्या तोंडून गेलं, "का? मुंबईतले शिवणारे मेलेत का सगळे?"

त्याने पट्ट्यांची घडी घातली. मग "व्हय, तेबी खरंच," म्हणाला आणि पट्टे पिशवीत घातले. त्याने आणखी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. मशीन, दुकान, सगळं टाकून निघाले असते. एकदाच विचारायला हवं होतं. तो ओट्यावरून उतरला तेव्हा मी सुईखाली कापड नसताना मशीन चालवायला लागले, कारण त्याला ऐकू जाईल असं मला रडायचं नव्हतं.