कुत्र्याच्या जिवावर माझं पोट

आधी चहा हातात घ्या. मी जी फजिती सांगणार आहे, ती माझीच आहे, तेव्हा मनसोक्त हसा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला होतो. एका संध्याकाळी घरी येताना गल्लीत मागून कुत्र्यानं पोटरी धरली. मी जो पळालो, तो थेट घराच्या ओट्यावर. तिथून वळून पाहिलं, तर गल्लीत एक तांबडा कुत्रा उभा.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कुत्रा दहा दिवस जगला तर भीती नाही. मेला किंवा हरवला, तर पोटात चौदा इंजेक्शनं. लक्ष ठेवा त्याच्यावर."

लक्ष? अहो, जावयाचीही कोणी ठेवणार नाही अशी बडदास्त ठेवली मी. दोन्ही वेळ दूध-पोळी. तो खोकला की मी धावत त्याच्यापाशी.

बायको, शांता, म्हणाली, "मले ताप आला तवा विचारलं होतं का असं?"

त्यातच महानगरपालिकेची गाडी आली. रेबीज पसरू नये म्हणून बिल्ला नसलेली कुत्री उचलायचा हुकूम होता. तांबड्याच्या गळ्यात फास पडला अन् मी गाडीसमोर आडवा झालो.

"सोडा त्याले. माझा आहे."

"बिल्ला कुठाय?"

"आत्ता काढतो."

"काहून एवढं करून राहिले गा याच्यासाठी?"

"भाऊ, माझा जीव त्याच्यात आहे."

गाडीवाला बिचारा गहिवरला, त्यानं फास काढला. मी तांबड्याला रिक्षात घालून नेलं, त्याला लस टोचून घेतली अन् माझ्या नावानं बिल्ला काढला.

दहा दिवस सरले. तांबड्या ठणठणीत. मी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या कुंभारेकाकूंनी विचारलं, "कशाचे?"

"मले चावलेला कुत्रा जगला, काकू."

"हा? तुम्हाले तर आमचा मोत्या चावला होता. मी दारातूनच पाहिलं. चावून तो घरात आला अन् तुम्ही मागं न पाहता पळाले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, तुम्हाले माहीत आहे. मोत्याले लस टोचलेली, म्हणून तुम्ही काही बोलून नाही राहिले. अन् हा तांबड्या तुम्ही हौसेनं पाळला असंन."

मोत्या त्यांच्या पायाशी मजेत लोळत होता.

तांबड्या मात्र पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडेच राहिला. घरी पाहुणा आला की शांता त्याची ओळख करून द्यायची, "हा यांले चावला नाही, म्हणून पाळला."