वरची रेघ

नातीला 'अ' गिरवून दाखवताना माझा हात आधी वरची रेघ ओढतो. ती ओरडते, "आजी, रेघ शेवटी!" आणि मला सुरतेच्या उधन्यातल्या एम्ब्रॉयडरी कारखान्याचा तेलकट वास येतो.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. धुळ्याहून येऊन मी नुकतीच तिथे कामाला लागले होते. चीनहून आणलेल्या जुन्या मशीनच्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली होती. पडद्यावर सगळं चिनीतच यायचं, म्हणून बटणांवरही तीच अक्षरं हवी होती. पुन्हा पुसली तर मलाच लिहिता यावीत म्हणून मशीन बसवायला आलेला चिनी कारागीर ती मला लिहायला शिकवत होता. संध्याकाळी तो परत निघणार होता. मागे शेठ उभे. "बेन, बराबर शीखजे. खोटी स्विच दबाई तो मशीन गयुं!" चुकीचं बटण दाबलं की मशीन गेलंच, असं बजावत होते.

'चालू'चं अक्षर म्हणजे दोन आडव्या रेघा आणि त्यांतून उतरणारे दोन पाय. मी आधी पाय काढले, मधली रेघ मारली आणि शेवटी, सवयीने, वरून शिरोरेषा दिली. अक्षर हुबेहूब आलं होतं. तरी त्याने कागद फाडला. मी पुन्हा तसंच लिहिलं. मग त्याने माझा हातच धरला. आता मारतो की काय, म्हणून मी डोळे मिटले.

त्याने पेन वर नेलं. आधी वरची रेघ, मग खालची, मग पाय.

त्याचा हात गारठलेला होता आणि थरथरत होता. तेव्हा वाटलं, रागाने थरथरतोय. आता कळतं, तो विशीतला पोरगा होता, आणि शेठ त्याच्याही पाठीमागे उभे होते.