ओंजळभर नाचणीचं मूल

शेजारची सून बाळासाठी नाचणीचं पीठ भाजायला लागली, की तो खरपूस वास येताच मी खिडकी लावून घेते.

फाळणीत सिंध सुटलं, आम्ही जुन्नरला आलो. नवरा डोंगरात कापड देऊन धान्य आणायचा. एकदा त्याच्याबरोबर घाटघरला मीही गेले. तिथं ठकू नावाच्या बाईनं तापानं फणफणलेलं तान्हं पोर माझ्या ओटीत ठेवलं आणि बदल्यात आमच्या पोत्यातली ओंजळभर नाचणी मागितली.

“माजी पोरं जगत न्हाईत, बाई. आता ह्ये तुमचं. तुमी लांबच्या, मरणाला तुमचं घर ठावं न्हाई.”

मरणाला माझं घर चांगलंच ठाऊक होतं. पण तिच्या तोंडाकडं बघून मी नाचणी दिली.

दिवस मावळायच्या आत पोर माझ्या मांडीवरच गार पडलं. ठकू ओठ दाबून उभी होती.

“तुमचं व्हतं, बाई. मला रडता येत न्हाई. तुमी रडा.”

सिंध सोडल्यापासून माझे डोळे कोरडे होते; त्या अंगणात मी हंबरडा फोडला.

पुढं आयुष्यभर त्या डोंगरातल्या बाळंतिणींसाठी, तान्ह्यांसाठी पायपीट केली. लोक त्याला समाजसेवा म्हणतात, शाली देतात. मी आपली माझ्या मुलाच्या गावाला जात राहिले.