चार मिनिटांचं गाणं, दोन मिनिटांची आभाराची पाटी

गाणं एकदाच शूट होतं, किस्से मात्र नंतर वर्षभर निघत राहतात. आम्ही तिघं आजही चहाला भेटलो की चहा निवतो आणि टपरीवाला म्हणतो, "अजून तेच गाणं चालू हाय का तुमचं?"

शेवटच्या वर्षाला कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून आम्ही एक म्युझिक व्हिडिओ केला. गाणं चार मिनिटांचं आणि शेवटची आभाराची पाटी दोन मिनिटांची! आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, ही लग्नपत्रिका आहे का? थोडी नावं काढ." बसले काढायला. पण ज्याच्या नावावर बोट ठेवावं त्याचा एक किस्सा आठवायचा. एकही नाव कमी झालं नाही.

तिघं म्हणजे कोण ते सांगते. मी स्नेहल, डायरेक्टर, म्हणजे सगळ्यांवर ओरडणारी. फैजान कॅमेऱ्यावर. आणि नितेश गाणारा. गाणं लिहिलेलंही त्यानंच, अंबाडीहून भिवंडीला येणाऱ्या सकाळच्या एसटीवर. त्या रस्त्यावर रोज इतके हादरे बसतात की चाल आपोआप लागते, असं तो सांगायचा.

मला आणि फैजानला मार्क हवे होते. नितेशला मार्कांची पडलेली नव्हती, त्याला फक्त एका माणसाचं मत हवं होतं. त्याचे बाबा फैजानच्या मामूंच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर आहेत. लूम बिघडला की नीट करायचा, ही त्यांची ड्युटी. त्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढली आणि त्यांचे कान गेले. नितेश गायला लागला आठवीत, तोवर बाबांना ऐकू येणं संपलंच होतं. पोराचा गाता आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नाही. ते हे कबूल मात्र करत नाहीत. गाण्याचा विषय निघाला की म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं," आणि उठून जातात.

*

पहिलं शूट मानकोलीला, एका गोडाऊनमध्ये. जागा माझ्या काकांची, त्यांनी कंपनीला भाड्याने दिलेली, म्हणून परवानगी मिळाली. कॅमेरा सरकवायला आमच्याकडे ट्रॉली नव्हती. तिथल्या एका लोडरने माल ओढायची हातगाडी पुढे केली. "बस याच्यावर. दोन टन ओढते, तुला न्हाय ओढणार?" फैजान मांडी घालून बसला आणि काय झकास शॉट मिळाला! आजही लोक विचारतात, कुठलं मशीन वापरलं म्हणून.

अडचण झाली ती गेटवर. तिथला सिक्युरिटीवाला नियमाचा पक्का. पासाशिवाय आत काही जायचं नाही आणि पासावर फक्त मालाचा रकाना. त्याने शांतपणे लिहिलं, "कॅमेरा, एक नग. स्पीकर, एक नग. सिंगर, एक नग."

संध्याकाळी निघालो तर त्याने अडवलं. नितेश तोंड धुवायला मागे राहिला होता.

"थांबा! माल जुळत न्हाय. सिंगर एक नग शॉर्ट हाय!"

नितेश धावत आला, त्याच्यावर टिकमार्क झाला, मगच आम्ही सुटलो. पाटीवर पहिलं नाव त्या सिक्युरिटीवाल्याचं आहे.

*

दुसरं शूट वज्रेश्वरीला, गरम पाण्याच्या कुंडांवर. वाफेत नितेश गातोय, असं मला हवं होतं. वाफ होती, पण ती आधी फैजानच्या लेन्सवर बसली. पुसून होतंय तोवर स्पीकरची बॅटरी गेली. मी म्हटलं, "गाणं नाही तर नाही, तू नुसते ओठ हलव."

नितेश पाण्यात पाय सोडून बसला आणि आवाज न काढता हात पसरून तोंड हलवू लागला. शेजारी एक नारळ विकणाऱ्या मावशी. त्यांनी पाच मिनिटं बघितलं, मग त्यांना राहवेना. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जन्मापासून हाय का असा?"

मी हसू दाबायला तोंड फिरवलं. त्यांना वाटलं मी रडतेय! पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको गो. देवी जागती हाय." त्यांनी स्वतःच्या पाटीतला नारळ घेतला, नितेशवरून ओवाळला, देवीचं नाव घेऊन फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या तोंडात घातला.

नितेश सवयीने म्हणाला, "थँक्यू, मावशी."

"बोलला! अगो बाई, पोरगा बोलला!"

त्यानंतर अर्धा तास नितेशच्या भोवती गर्दी. दोन बायकांनी तर त्याला नमस्कार केला. आम्ही खरं काय ते सांगायला गेलो, पण मावशींचा आनंद बघून गप्प बसलो. इतका जीव लावून आमच्यासाठी कुणी काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. मावशींचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून पाटीवर 'वज्रेश्वरीच्या मावशी' एवढंच आहे.

*

व्हिडिओ झाला. मग मॅडमनी बॉम्ब टाकला. "प्रेक्षकांना दाखवा, फीडबॅक फॉर्म भरून घ्या आणि प्रत्येक सूचनेवर काय बदल केला ते लिहा. मित्रमैत्रिणी चालणार नाहीत. खरे प्रेक्षक हवेत!"

भिवंडीत फॉर्म म्हटलं की लोक आधी विचारतात, "कशाची स्कीम आहे?" आमच्या गल्लीतल्या टेलरने रेशन कार्डाची झेरॉक्सच आणून दिली. वर गाणं बघून म्हणाला, "शर्ट खांद्यात ढिला हाय. पुढल्या टायमाला माझ्याकडे पाठव."

माझ्या आईने सगळा व्हिडिओ डोळ्याला पदर लावून बघितला. मी फॉर्म पुढे केला. 'सुधारणा सुचवा' या रकान्यात तिने लिहिलं, "मुलगा उपाशी दिसतो."

आता प्रत्येक सूचनेवर बदल करायचा होता! आम्ही नितेशला एसटी स्टँडवर उभं करून वडापाव खाताना शूट केलं आणि दुसऱ्या कडव्याआधी तो शॉट टाकला. मॅडमनी विचारलं, "याचा गाण्याशी संबंध काय?"

फैजान म्हणाला, "ऑडियन्स फीडबॅक, मॅडम!"

*

मग आम्ही मामूंच्या शेडमध्ये गेलो. दुपारची वेळ, सगळे लूम चालू. तिथे माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, गाणं कुठून येणार? तरी सात-आठ जण मोबाईलभोवती जमले. नितेशचे बाबा मात्र लांबच्या लूमखाली घुसले ते बाहेर येईनात. नितेश सारखा तिकडेच बघत होता.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं आणि त्यातले जुने कारागीर रमजानचाचा एकदम खो-खो हसायला लागले. पाठोपाठ सगळेच! मला कळेना, कडवं तर गंभीर आहे. चाचा माझ्या कानाशी येऊन ओरडले, "बेटी, ये गा नहीं रहा है! ये बोल रहा है, भूख लगी है यार, जल्दी कर!"

नितेश लालेलाल झाला. मानकोलीला तो त्या ओळी विसरला होता आणि तोंड हलतंय ना, मग बास, म्हणून कॅमेऱ्यामागच्या फैजानला खरंच तसं म्हणाला होता. कॉलेजात कुणाच्या लक्षात आलं नाही, मॅडमच्याही नाही. पण शेडमधली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. त्यांच्यापासून काय लपणार?

मी आईची क्षमा मागितली. तिला ओठ वाचता येत नाहीत, तरी तिने बरोबर ओळखलं होतं.

दुसरं कडवं आम्ही पुन्हा शूट केलं. या वेळी नितेशने शब्द न् शब्द नीट म्हटला. शेडमधल्या माणसांचे मी मनापासून उपकार मानते. त्यांच्याइतकं लक्ष देऊन आमचं काम कुणीही बघितलं नाही.

*

नवा व्हिडिओ घेऊन आम्ही पुन्हा शेडमध्ये गेलो. मी नितेशला म्हटलं, "आज बाबांना दाखवायचंच." तो म्हणाला, "ते न्हाय बघणार. सोड."

फैजानने या वेळी स्पीकर आणला होता. मी हसले, या खडखडाटात स्पीकरचा काय उपयोग? नितेशचे बाबा हात पुसत समोरून आले. त्यांनी स्पीकर बघितला, पोराकडे बघितलं आणि सरळ भिंतीकडे गेले. तिथे सगळ्या शेडचा मेन स्विच होता. एखादा लूम दोन मिनिटं थांबला तरी ज्यांचा जीव खालीवर होतो, त्या माणसाने मेन पाडला!

सगळा शेड गप्प. ऑफिसातून मामू धावत आले, "क्या हुआ? लाइट गई?" आणि दारातच थांबले.

बाबांनी फैजानला खुणेनं सांगितलं, "लाव."

गाणं सुरू झालं. पहिल्यांदाच शेडमध्ये नितेशचा आवाज घुमला. बाबांनी मोबाईलकडे एकदाही बघितलं नाही. चारही मिनिटं ते एकेका कारागिराच्या तोंडाकडे बघत फिरत होते. कुणी मान डोलावतोय का, कोण हसतंय, कोण गप्प आहे. नितेश भिंतीला टेकून उभा होता. त्याला माझ्याकडेही बघवत नव्हतं.

गाणं संपलं. बाबा रमजानचाचांसमोर जाऊन उभे राहिले. शेड बंद होता, तरी सवयीने ओरडूनच त्यांनी विचारलं, "रमजानभाई! पोऱ्याचा आवाज कसा हाय?"

चाचांनी उत्तर दिलं, ते नुसते ओठ हलवून. आवाज काढलाच नाही. आम्ही तिघं तिथेच उभे होतो, आमच्यातल्या एकालाही काही कळलं नाही.

बाबांना कळलं. ते भिंतीकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ मेनवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मेन चालू केला.