विहीणबाईंची भिंत

साल दोन हजार सतरा. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. मे महिना, दुपारचे तीन. सीताबर्डीवरच्या एका सोन्याच्या दुकानापाशी आमच्या विहीणबाई थांबल्या आणि बाहेरच्या चकचकीत शीटच्या भिंतीला उलटा हात लावला, लेकराचं कपाळ पाहतात तसा. चौकीदार धावत आला. "मावशी, काय करून राहिल्या?"

"ताप पाहून राहिली गा. लय आहे हिले."

चौकीदार भिंतीकडे पाहत राहिला. मी मागे असा उभा होतो, जसा काही मी त्यांच्यासोबत आलोच नाही.

त्या माझ्या सुनेच्या आई. घरात हातमाग. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माग आणि एकुलती एक पोरगी दोन्ही त्यांनीच सांभाळले. उमरेड रोडवर सूत रंगवायची त्यांची भट्टी होती. ती बंद पडली, जागा मोकळी राहिली. माझा जन्म गेला संत्र्याच्या धंद्यात, काटोलहून माल उचलायचा आणि कळमन्याच्या बाजारात टाकायचा. ठरलं असं, की जागा त्यांची, बांधकाम माझं. खाली दोन दुकानं, वर एक हॉल. स्लॅब पडला, आतलं झालं. बाहेरून काय लावायचं, तिथे आमचं वाजलं.

मला निळी, पत्र्याची शीट पाहिजे होती. चकचकीत, आजकाल सगळ्या शोरूमना असते ती. मी चौथी शिकलो, पण रस्त्यानं जाणाऱ्याची नजर कुठे थांबते हे मला कळतं. संत्र्याची रास लावताना चकाकणारं फळ वरच ठेवतात. शिवाय मी मुलाचा बाप. आमच्यात मुलाकडच्यांनी एकदा म्हटलं की मुलीकडचे त्यावर बोलत नाहीत. माझ्या घरी चहाला सगळे बसले असताना माझ्या मोठ्या भावानं हे बोलूनही दाखवलं. विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

"पोरगी देली, दादा. भिंत नाही देली."

माझी बायको तोंडाला पदर लावून आत गेली. हसायलाच गेली, मला माहीत आहे.

त्यांच्या घरची रीत अशी, की नवा रंग आला की त्यात रंगवलेल्या सुताची एक लड आधी उन्हात टांगायची, मग पाण्यात बुडवायची, आणि टिकली तरच मागावर घ्यायची. "हातात धरून रंग समजत नसते, व्याहीबुवा," म्हणायच्या. तेच त्यांनी बिल्डिंगवर केलं. रस्त्याकडची भिंत पश्चिमेची. तिच्यावर शेजारीशेजारी चार तुकडे लावायला सांगितले. माझी शीट, पांढरी टाइल, रंग दिलेलं प्लास्टर आणि उघडी लाल वीट. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा माझी बिल्डिंग गोधडीसारखी उभी. समोरचा पानठेलेवाला रोज विचारे, "काहून बाबा, कपडा पुरला नाही काय?" मी त्याच्याकडचं पान खाणं सोडलं.

विहीणबाई ऑटोनं यायच्या, छत्री मिटवायच्या आणि चारी तुकड्यांचा ताप पाहायच्या. माझ्या शीटवर बोटानं टिचकी मारून म्हणाल्या, "वांग्याच्या भरताले चांगली आहे." त्यांचं मन पांढऱ्या टाइलवर होतं. पावसाळ्यात त्याच टाइला सुटून खाली आल्या. त्यांनी फुटके तुकडे वेचले आणि माझ्या हातात दिले.

"माही निवड पडली. हसा आता."

मी पोटभर हसलो. त्याही हसल्या. माझी शीट मात्र जशीच्या तशी होती, हे इथे लिहून ठेवतो.

मग एक मोबाइलवाला कोपऱ्याचं दुकान मागायला आला. शीट असेल तर घेतो, नाहीतर नाही. मी हो म्हणून बसलो होतो. विहीणबाईंनी त्याला सांगितलं, "पाटी तुमची, तिले पायजे तशी नटवा. भिंत आमची." तो गेला. दसरा गेला, दिवाळी गेली, शटर खालीच. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत बसून सुनेला म्हणायचो, "सांग तुझ्या आईला." आणि त्या म्हणायच्या, "सांग वं तुह्या सासऱ्याले, मी इथंच बसून राहिली."

माझी शीट तापायची, प्लास्टरचा रंग पावसात उडाला होता, राहिली वीट. शेवटी त्यांनीच कन्हानकडच्या भट्टीतून विटा आणवल्या. मिस्त्रीसमोर खाली जमिनीवर मांडून दाखवल्या, एक वीट आत, एक अर्धी बाहेर. पूर्ण भिंत तशी चढली. दुपारचं ऊन तिरपं आलं की बाहेरच्या प्रत्येक विटेची सावली खालच्या विटेवर पडते आणि लुगड्याच्या काठासारखी नक्षी उमटते. दाताचे एक डॉक्टर ती पाहूनच थांबले आणि कोपऱ्याचं दुकान घेतलं. मी काही कबूल केलं नाही. पण घरी पाहुणा आला की त्याला आधी उमरेड रोडवर नेतो, मग जेवायला वाढतो. "ही कोणाची डोक्यालिटी?" कोणी विचारलं, की मी छाती काढून सांगतो, आमच्या विहीणबाईंची.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेरवी झाल्यावर जेवताना माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आता नाही म्हणणारं कोणी राहिलं नाही. तुमच्या मनातली शीट लावून टाकू. माणसं उद्याच बोलावली." पोरगा वाईट नाही, माझ्यासाठीच करत होता. सून भाजी वाढत होती. तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिल्डिंगसमोर खुर्ची टाकून बसलो. निळ्या शीटा घेऊन टेम्पो आला. माणूस उतरला. "बाबा, कुठून सुरू करू?"

"मी पोराकडचा आहे. या भिंतीचं मले नको विचारू. पोरीकडच्याले विचार."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मी सुनेला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्यानं फोन परत दिला, टेम्पोकडे गेला आणि सोडलेल्या दोऱ्या पुन्हा आवळायला लागला.