तीस फुटांचं वजन

तायडेंना कुणी ‘साधारण किती असेल?’ असं विचारलं, की ते उत्तरच देत नसत. वस्तू उचलून सरळ तराजूकडे जात. चिखलीत मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवत होतो, तिथे ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अंगाने सडपातळ, चष्मा रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेला, बोलणं मोजकं. स्टाफरूममध्ये कुणी त्यांना तिरसट म्हणत, कुणी विक्षिप्त.

एका प्रात्यक्षिक परीक्षेत एका विद्यार्थ्याचं उपकरणावरचं वाचन जरा चुकलं. विभागप्रमुख म्हणाले, “जवळपास आहे, टाका लिहून.”

“लिहितो न सर,” तायडे म्हणाले, “पण खाली सही तुमची लागन.”

प्रमुखांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. पुढे दोन वर्षं ते तायडेंशी कामापुरतंच बोलत.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो माझ्या थोरल्या भावाच्या काठीमुळे. दादा चाळीस वर्षं स्कॉटलंडमध्ये होता. तो वारल्यावर वहिनी महिनाभर आमच्याकडे आल्या, त्या त्याची मासेमारीची काठी घेऊनच. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. दादाही मासा धरला तर सोडून देणार होता, पण तशी वेळच फारशी आली नाही. वहिनी म्हणाल्या, “दर रविवारी नदीवर जायचे. मी म्हणायचे, तुम्हाला येत नाही तर जाता कशाला?” काठीसोबत गळाला आमिष म्हणून लावायच्या पिसांच्या खोट्या माश्यांची एक डबी होती आणि जाडसर, गुळगुळीत दोरीची तीन वेटोळी. कशावरही चिठ्ठी नव्हती.

वहिनींना ती काठी एकदा चालताना पाहायची होती. दोरी फारच जाड वाटली म्हणून मी बाजारातून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, आणून बांधला आणि गच्चीवरून फेकून पाहिला. पिसांची माशी माझ्या पायांशीच पडली. शेवटी सगळं तायडेंकडे नेलं. ते मूळचे रोहिणखेडचे, लहानपणी बांबूचा गळ टाकलेले.

त्यांनी माशी तळहातावर घेतली. “सर, आपल्या गळाले शिसं असते. त्याच्या वजनानं तंगूस दूर जाते. ह्या पिसाले तं वजनच नाही. मंग हे फेकते कोन?” थोडा वेळ ते दोरी बोटांतून सरकवत राहिले. “दोरीच फेकते. वजन दोरीतच आहे.”

काठीच्या मुठीजवळ पाचचा आकडा होता. मी मोबाइलवर शोधलं. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन करतात आणि पाच नंबरच्या काठीला ते नऊ ग्रॅमच्या जरा वर लागतं. तायडेंनी प्रत्येक वेटोळ्याचे तीस फूट फरशीवर मोजले, पारड्यात ठेवले. दोन दोऱ्या नऊच्या जरा वर भरल्या, तिसरी साडेतेरा, म्हणजे आठ नंबरच्या काठीची. मग नऊवाल्या दोन्ही त्यांनी पाण्याच्या घमेल्यात सोडल्या. एक बुडाली, एक तरंगली.

“माशी वर राहनार अन् दोरी तिले खाली ओढनार, असं कसं चालन? तरंगती घ्या.”

जड दोरी मात्र ते बराच वेळ पाहत होते. बाकीच्या दोन्ही कोऱ्या होत्या. हिचं आवरण पार झिजलं होतं.

रविवारी आम्ही तिघे नळगंगेच्या धरणावर गेलो. तायडेंनी आधी जड दोरी लावली. काठी लुळी पडल्यासारखी झुकली आणि दोरी पाण्यावर फटकन आपटली. मग त्यांनी निवडलेली लावली. तासभर नीट जमलं नाही. नंतर एकदा काठी हवी तेवढी वाकली, दोरी हवेत उलगडत गेली आणि माशी पंधरा पावलांवर अलगद पाण्याला टेकली.

“हे त्यांना कधी जमलं नाही,” वहिनी म्हणाल्या.

तायडेंनी गप्प राहावं असं मला वाटलं. ते म्हणाले, “वहिनी, साहेब इतकी वर्षं ते जड दोरी वापरत होते. काठी पाचची, दोरी आठची. त्या दोरीनं कोनालेच जमलं नसतं. हात बरोबर होता त्यांचा.”

वहिनी काठावरच्या दगडावर बसल्या. “मी फार हसले हो त्यांना,” एवढंच म्हणाल्या.

मी तायडेंना बाजूला घेतलं. “आता हे सांगायची काय गरज होती?”

“मंग काय, त्यायचीच चूक होती म्हनून राहू द्याचं?” त्यांचा आवाज चढला नव्हता. ते दोरी गुंडाळत राहिले.

थोड्या वेळाने वहिनी उठल्या आणि त्यांनी काठी मागितली. उन्हं चढेपर्यंत तायडे त्यांना मनगट कसं धरायचं ते दाखवत होते. स्कॉटलंडला परत जाताना काठी आमच्याकडेच ठेवायचा वहिनींचा बेत होता. तो त्यांनी बदलला.

मागच्या वर्षी तायडे गेले. मी वहिनींना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, “हे गेल्यावर पुष्कळजण यांच्याबद्दल चांगलं बोलले, भाऊजी. यांची बाजू घेतली ती एकट्या त्या माणसाने, तीही माझ्या तोंडावर.”